शब्दांच्या आधीची चाल : जुआंव दोनातो यांच्या ‘केम ए केम’ (१९७३) या ध्वनिमुद्रिकेचा चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक :

ब्राझीलच्या लोकप्रिय संगीताचा विचार आपल्याकडे बहुधा बोसा नोव्हापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. आंतोनियो कार्लोस जोबिम यांची स्वररचना, जुआंव जिल्बेर्तो यांचे कुजबुजल्यासारखे गायन आणि त्यांची गिटार, एवढ्यावर हा परिचय पूर्ण झाला असे मानले जाते. या दोघांचे समकालीन असलेले, जिल्बेर्तो यांच्याबरोबर ‘मिन्या सौदादी’ हे गीत रचणारे पियानोवादक जुआंव दोनातो (१९३४-२०२३) मात्र या परिचयातून निसटतात. याचे एक कारण असे की, आयुष्याच्या पूर्वार्धात ते केवळ वादक म्हणून ओळखले गेले. गीताचा अभ्यास म्हणजे गीतातील शब्दांचा अभ्यास, अशी समजूत साहित्याच्या अभ्यासकांमध्ये रूढ असल्याने शब्दांविना चाली रचणारा संगीतकार त्यांच्या कक्षेत सहसा येत नाही.

दोनातो यांनी १९७३ मध्ये ‘केम ए केम’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. या पोर्तुगीज शब्दांचा अर्थ ‘कोण कोण आहे’ असा होतो. एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आसपास असलेला, कीर्तिमान परंतु न गाणारा हा वादक या ध्वनिमुद्रिकेत प्रथमच गायक म्हणून समोर येतो. वर्षानुवर्षे शब्दांविना वाजवल्या गेलेल्या चालींना शब्द मिळण्याची प्रक्रियाही येथूनच ठळकपणे सुरू होते. चाल आधी आणि शब्द नंतर, या क्रमाने जन्मलेल्या गीताचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हा प्रश्न ही ध्वनिमुद्रिका उपस्थित करते. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाच्या अनुरोधाने तिचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. ‘केम ए केम’ या ध्वनिमुद्रिकेची निर्मितीची पार्श्वभूमी समजून घेणे.
२. तिच्यातील लय, शब्द आणि आवाज यांच्या परस्परसंबंधांचे विश्लेषण करणे.
३. ‘हलकेफुलके संगीत’ म्हणून केल्या जाणाऱ्या तिच्या वर्णनाची चिकित्सा करणे.

पार्श्वभूमी :

दोनातो यांचा जन्म १७ ऑगस्ट १९३४ रोजी ब्राझीलच्या वायव्येकडील आक्री प्रांतातील रिओ ब्रांको येथे झाला. ॲमेझॉनच्या अरण्यप्रदेशातील हे नगर तत्कालीन सांस्कृतिक केंद्रांपासून फार दूर होते. बालपणी त्यांचे वाद्य ॲकॉर्डियन होते. कुटुंब रिओ दि जानेरो येथे आल्यानंतर ते तेथील वादकांच्या वर्तुळात वावरू लागले आणि कालांतराने पियानोकडे वळले. १९५६ मध्ये निघालेल्या त्यांच्या ‘शा दान्सांती’ या ध्वनिमुद्रिकेच्या निर्मितीत जोबिम यांचा सहभाग होता. जिल्बेर्तो यांच्या गिटारवादनातील प्रसिद्ध ठेक्याला दोनातो यांच्या पियानोवरील आघातांपासून प्रेरणा मिळाली, असे ब्राझीलच्या संगीतविषयक लेखनात वारंवार सांगितले जाते. ही प्रेरणा नेमकी किती होती याचे मोजमाप शक्य नसले, तरी दोघांची लयदृष्टी परस्परांच्या निकट होती, हे त्यांचे वादन ऐकून सहज ध्यानात येते.

१९५९ मध्ये दोनातो अमेरिकेला गेले. मधल्या एका अल्पकाळाचा अपवाद वगळता पुढील दशकभराहून अधिक काळ त्यांचे वास्तव्य प्रामुख्याने तेथेच होते. मोंगो सांतामारिया, टिटो पुएन्ते, कॅल जेडर अशा कलावंतांच्या संगतीत त्यांनी वादन केले. यामुळे क्यूबाच्या आफ्रिकी वळणाच्या संगीताशी, विशेषतः पियानोवर एकच लहानशी स्वरावली सतत फिरवत ठेवण्याच्या पद्धतीशी, त्यांचा जवळून संबंध आला. ‘मुइतो आ व्होंतादी’ (१९६२) आणि ‘आ बोसा मुइतो मोदेर्ना’ (१९६३) या ब्राझीलमधील ध्वनिमुद्रिकांत सांबा आणि हे क्यूबाचे वळण यांचा मेळ दिसतो. १९७० मध्ये लॉस एंजेलिस येथे तयार झालेल्या ‘अ बॅड दोनातो’मध्ये विद्युत्-वाद्ये आणि फंक शैलीचा जोरकस ठेका आहे. या सर्व टप्प्यांवर दोनातो हे मुख्यतः वादकच राहिले.

मायदेशी परतल्यावर ओडियन या कंपनीसाठी नव्या ध्वनिमुद्रिकेची आखणी सुरू झाली. मार्कोस व्हाले हे तिचे निर्माते होते. याही वेळी केवळ वादनाचीच ध्वनिमुद्रिका करण्याचा दोनातो यांचा विचार होता. परंतु गायक आगोस्तिन्यो दोस सांतोस यांनी चालींना शब्द जोडून स्वतःच गावे असे त्यांना सुचवले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ‘ब्लॅक ऑर्फियस’ (१९५९) या चित्रपटातील गीतांमुळे आगोस्तिन्यो यांचा आवाज जगभर पोहोचला होता. ११ जुलै १९७३ रोजी पॅरिसनजीक झालेल्या विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. एका कसलेल्या गायकाने एका न गाणाऱ्या वादकाला गाण्यास प्रवृत्त करावे, ही घटना या ध्वनिमुद्रिकेच्या मुळाशी आहे.

ध्वनिमुद्रिकेची घडण :

‘केम ए केम’मध्ये एकूण बारा रचना आहेत. ‘शोरोउ, शोरोउ’ने प्रारंभ होतो आणि ‘कादे जोदेल?’ने शेवट. वाद्यसंयोजनात स्वतः दोनातो यांच्याबरोबर दोरी काय्मी, लाएर्सियो दि फ्रेतास, इयन गेस्ट आणि लिंदोल्फो गाया यांचा वाटा आहे. शब्दलेखकही अनेक आहेत. पावलो सेझार पिन्येरो, जेराल्दो कार्नेरो, जुआंव कार्लोस पादुआ आणि दोनातो यांचे बंधू लिझियास एनियो यांची गीते येथे आढळतात. ‘काला बोका, मेनिनो’ ही एक रचना मात्र ज्येष्ठ गीतकार दोरिव्हाल काय्मी यांची आहे. त्यांची कन्या नाना काय्मी यांनी ‘मेंतिरास’ हे गीत गायिले आहे. अशा प्रकारे ‘कोण कोण आहे’ हे शीर्षक या मेळाव्यास साजेसेच ठरते. तथापि, या शीर्षकास आणखी एक अर्थ जोडता येतो. आजवर पियानोमागे बसलेला हा माणूस कोण, या प्रश्नाला त्याने स्वतःच्या आवाजात दिलेले उत्तर म्हणूनही या ध्वनिमुद्रिकेकडे पाहता येते.

लयविचार :

सांबा हा दोन मात्रांच्या आवर्तनात चालणारा प्रकार आहे. त्यातील सुर्दो या मोठ्या ढोलाचा भारदस्त आघात पहिल्या मात्रेवर नसून दुसऱ्या मात्रेवर पडतो. समेवर वजन अपेक्षिणाऱ्या भारतीय श्रोत्याला त्यामुळे प्रथमतः आपण एक मात्रा पुढे वा मागे आहोत असा भास होतो. या मूळ ठेक्यावर लहान तालवाद्ये मात्रांच्या मधल्या जागा भरतात. दोनातो यांचा पियानो मुख्यतः याच मधल्या जागांत वावरतो. त्यांचे स्वरसमूह अपेक्षित क्षणाच्या किंचित आधी येतात, तुटक असतात आणि त्यांच्यामध्ये पुष्कळ मोकळी जागा राहते. हात कमी चालतो; पण जेथे चालतो तेथे संपूर्ण वाद्यवृंद त्या आघाताभोवती फिरू लागतो.

दोनातो यांच्या चालींची बांधणीही याच लयदृष्टीतून निघते. चार-पाच स्वरांची एखादी छोटी आकृती ते घेतात आणि ती जवळजवळ तशीच पुन्हा पुन्हा मांडतात. बदलतो तो तिच्याखालील स्वरमेळ. वरचा स्वर स्थिर राहून खालची भूमी सरकत गेल्याने तोच स्वर दर खेपेस वेगळा भासतो. क्यूबाच्या पियानोवादनातील फिरत्या स्वरावलीचा संस्कार आणि बोसा नोव्हाची स्वरमेळाची जाण, या दोहोंचा हा संयोग होय. ‘केम ए केम’मध्ये विद्युत्-पियानोच्या घंटेसारख्या गोलसर नादामुळे या आघातांची धार थोडी मऊ झाली आहे. ‘अ बॅड दोनातो’मधील जोर येथे नाही, त्याऐवजी संयम आहे.

या बांधणीचा गीतलेखनावर थेट परिणाम होतो. अशा चालीवर लांबलचक वाक्य बसत नाही. तिला दोन-तीन अक्षरांचे, पुनरुक्ती सोसणारे शब्द लागतात. मराठी संगीत नाटकाच्या अभ्यासकांना ही अडचण परिचित असेल. ‘मानापमान’ (१९११) नाटकातील पदे कृ. प्र. खाडिलकर यांनी गोविंदराव टेंबे यांच्या चालींवर रचली आणि त्या पदांतील शब्दयोजनेचा विचार चालीला वगळून करता येत नाही. दोनातो यांच्या गीतांच्या बाबतीतही हेच पथ्य पाळावे लागते.

शब्दांच्या तीन पायऱ्या :

ध्वनिमुद्रिकेतील रचनांची शब्दांच्या प्रमाणानुसार विभागणी केल्यास तीन पायऱ्या दिसतात.

पहिल्या पायरीवर शब्द नसलेल्या रचना आहेत. ‘आमाझोनास’ आणि ‘आ रां’ ही त्यांची उदाहरणे होत. ‘आ रां’चा इतिहास विशेष बोधप्रद आहे. ही चाल पूर्वी ‘ओ सापो’ या नावाने परिचित होती. सर्जिओ मेंडिस यांच्या ‘ब्राझील ६६’ या वृंदाने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती ‘द फ्रॉग’ या इंग्रजी नावाने सादर केली. जुआंव जिल्बेर्तो यांनीही १९७० च्या आपल्या मेक्सिकोतील ध्वनिमुद्रिकेत ती निरर्थक अक्षरांच्या साहाय्याने गायिली. ‘केम ए केम’मध्ये तिचे नाव बदलून पुल्लिंगी ‘सापो’ऐवजी स्त्रीलिंगी ‘रां’ झाले. परंतु शब्द अद्याप आलेले नाहीत. दोनातो यांचा आवाज येथे केवळ अक्षरांची उड्यामार करतो. आपल्याकडील तराण्यात अक्षरे लयीच्या सेवेस असतात, तशीच काहीशी ही स्थिती आहे. पुढे काएतानो वेलोसो यांनी या चालीवर शब्द रचले आणि गाल कोस्ता यांनी ते १९७४ च्या ‘कान्तार’ या ध्वनिमुद्रिकेत गायिले. वेलोसो यांची रचनाही कथा वा भाव सांगण्याऐवजी ध्वनिसाम्यावर उभी आहे, हे लक्षणीय आहे. मूळ अक्षरांचा नाद मोडू न देता तिच्यात अर्थ पेरला आहे.

दुसऱ्या पायरीवर बोलीतील उद्गारांच्या रचना येतात. या ध्वनिमुद्रिकेतील शीर्षके एकत्र वाचली असता एक गोष्ट स्पष्ट होते. ‘शोरोउ, शोरोउ’ म्हणजे कोणीतरी रडले, रडले. पोर्तुगीज क्रियापदात लिंगभेद नसल्याने रडणारा पुरुष की स्त्री हे शीर्षकावरून कळत नाही. मराठीत मात्र ‘रडला’ किंवा ‘रडली’ यांतून निवड करावीच लागते. ‘काला बोका, मेनिनो’ म्हणजे ‘गप्प बस, पोरा’. ‘मी देइशा’ म्हणजे ‘मला सोड, राहू दे’. ‘कादे जोदेल?’ म्हणजे ‘जोदेल कुठे आहे?’ हे दोनातो यांच्या मुलीचे नाव आहे. ‘आते केम साबी’ हा तर निरोपाचा शब्दप्रयोग आहे. बारापैकी पाच शीर्षके अशी घरात, रस्त्यावर, दारात उभे राहून सहज उच्चारली जाणारी आहेत. काव्यात्म प्रतिमांऐवजी बोलण्यातील तुकडा हाच येथे गीताचा घटक आहे. चालीतील छोटी, पुनरावृत्त आकृती आणि बोलीतील छोटा, पुनरावृत्त उद्गार यांचे हे साम्य योगायोगाचे वाटत नाही. तयार चालीला कोणते शब्द सोसवतील, याचे अचूक भान त्यामागे आहे.

तिसऱ्या पायरीवर पूर्ण गीते येतात. त्यांत लिझियास एनियो यांची ‘आते केम साबी’ आणि ‘मेंतिरास’ ही प्रमुख होत. पोर्तुगीज भाषेत ‘आते’ म्हणजे ‘पर्यंत’. निरोप घेताना ‘आते लोगो’ म्हणजे ‘लवकरच भेटू’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. या परिचित प्रयोगातील ‘लवकर’ काढून त्या जागी ‘केम साबी’, अर्थात ‘कोण जाणे’, घातले की निरोपाचा सारा अर्थ पालटतो. पुन्हा भेटण्याचे आश्वासन तसेच राहते, पण त्याची मुदत नाहीशी होते. मराठीत घराबाहेर पडताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणण्याची रीत आहे. त्या ‘येतो’मधील खात्री काढून घेतली तर जे उरेल, ते या शीर्षकात आहे. गीताची चाल संथ आहे आणि दोनातो तिला कोठेही ताणत नाहीत. दुःखाचा उच्चार टाळून दुःख सूचित करण्याची ही रीत या ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत परिणत रचना घडवते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आवाजाचा प्रश्न :

दोनातो यांचा आवाज रूढ अर्थाने गायकाचा नाही. त्याचा पल्ला मर्यादित आहे, दीर्घ स्वर तो फारसा धरत नाही आणि त्यात कमावलेली फेक नाही. समीक्षकाने हे दडवण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की, या मर्यादेचा ध्वनिमुद्रिकेत कसा उपयोग झाला?

याचे उत्तर ‘मेंतिरास’मध्ये सापडते. ‘मेंतिरास’ म्हणजे खोट्या गोष्टी. नाना काय्मी यांचा भरदार, खोल आवाज या गीतात येताच संपूर्ण वातावरण बदलते. वाद्ये पार्श्वभूमीला जातात, आवाज पुढे येतो आणि श्रोता एका व्यक्तीची व्यथा ऐकू लागतो. याच्या लगेच आधी येणाऱ्या ‘आते केम साबी’मध्ये असे घडत नाही. तेथे आवाज वाद्यवृंदाच्या पुढे न येता त्याच्यातच बसतो. शब्दलेखक तेच, संगीतकार तोच. बदलला तो केवळ आवाज. ही दोन गीते लागोपाठ ठेवल्यामुळे दोन भिन्न गानदृष्टी श्रोत्यासमोर उभ्या राहतात. नाना काय्मी यांच्या गायनाची उंची मान्य करूनही असे म्हणावे लागते की, दोनातो यांच्या चालींना त्यांचा स्वतःचा अनलंकृत आवाज अधिक मानवतो. या चाली मुळात पियानोच्या तुटक बोलण्यातून आल्या आहेत आणि तो आवाजही बोलण्याच्याच पातळीवर राहतो. पियानो, उद्गार आणि आवाज या तिन्हींचा स्वभाव एकच आहे.

काळाचा संदर्भ :

१९६४ ते १९८५ या काळात ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. डिसेंबर १९६८ मधील पाचव्या संस्थात्मक अधिनियमानंतर दडपशाही तीव्र झाली. गीतांचे शब्द अभ्यवेक्षणासाठी सादर करावे लागत. काएतानो वेलोसो आणि जिल्बेर्तो जिल यांना अटक होऊन लंडनमध्ये विजनवासात राहावे लागले. ते १९७२ मध्ये परतले. मे १९७३ मध्ये साओ पावलो येथील एका मोठ्या संगीत सोहळ्यात शिको बुआर्की आणि जिल हे बंदी असलेले ‘कालिसी’ हे गीत सादर करू लागले, तेव्हा त्यांचे ध्वनिक्षेपक बंद करण्यात आले. शब्दाला एवढी किंमत मोजावी लागत असलेल्या त्याच वर्षी ‘केम ए केम’ प्रसिद्ध झाली.

या पार्श्वभूमीवर ‘गप्प बस, पोरा’सारख्या शीर्षकात राजकीय रूपक शोधण्याचा मोह होऊ शकतो. तो आवरला पाहिजे. केवळ शीर्षकाच्या आधारे असा निष्कर्ष काढणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. तसेच, या ध्वनिमुद्रिकेत निषेध नाही म्हणून ती पलायनवादी आहे, हा निवाडाही घाईचा होईल. अधिकृत घोषणा आणि प्रतिकाराची गीते अशा दोन्ही बाजूंनी शब्दांवर मोठा भार पडलेला असताना घरगुती, अनौपचारिक बोलण्यालाच गीताचा विषय करणे, याला स्वतःचे मूल्य आहे. दैनंदिन बोलणे हे कोणाच्याही आज्ञेने चालत नाही. त्याला सुरात जपून ठेवणारी कृती निषेधाची नसली, तरी ती निरर्थकही नाही.

मर्यादा :

ध्वनिमुद्रिकेच्या मर्यादांचाही निर्देश करणे आवश्यक आहे. संयोजक अनेक असल्यामुळे सर्व रचनांचा बाज सारखा राहत नाही. जेथे वाद्यवृंद भरगच्च होतो, तेथे दोनातो यांच्या वादनातील मोकळ्या जागा बुजतात आणि त्यांची खास ओळख पुसट होते. शब्दलेखकांच्या संख्येमुळे आशयातही एकसंधता नाही. जेराल्दो कार्नेरो यांच्या ‘नाना दास आग्वास’ या शीर्षकातून आफ्रिकी-ब्राझिलियन धर्मपरंपरेतील नाना या जलाशी संबंधित देवतेचे स्मरण होते. परंतु घरगुती उद्गारांच्या या मालिकेत तो संदर्भ काहीसा एकाकी पडतो. छोट्या आकृतीच्या पुनरावृत्तीचे तंत्र सलग ऐकताना काही ठिकाणी सरावाचे वाटू लागते, हेही नमूद केले पाहिजे.

समारोप व निष्कर्ष :

प्रकाशनसमयी या ध्वनिमुद्रिकेला मोठे व्यावसायिक यश लाभले नाही. परंतु तिने उघडलेली वाट पुढे रुंद झाली. ‘कान्तार’साठी दोनातो यांनी संयोजन केले आणि गाल कोस्ता यांनी तिच्यात ‘आ रां’बरोबर ‘आते केम साबी’ही गायिले. १९७५ च्या ‘लुगार कोमुम’मध्ये जिल्बेर्तो जिल यांनी दोनातो यांच्या जुन्या चालींना शब्द दिले. २००७ मध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या ब्राझिलियन आवृत्तीने निवडलेल्या शंभर श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांत ‘केम ए केम’चा समावेश झाला. दोनातो आयुष्याच्या अखेरपर्यंत कार्यरत राहिले आणि १७ जुलै २०२३ रोजी रिओ दि जानेरो येथे निवर्तले.

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘केम ए केम’मध्ये सांबाची लय, क्यूबाच्या पियानोवादनाचा संस्कार आणि बोसा नोव्हाचा स्वरमेळ यांचा संयोग झाला असून या संयोगानेच शब्दांचे स्वरूप निश्चित केले आहे.

२. शब्दांचा अभाव, बोलीतील उद्गार आणि पूर्ण गीत या तीन पायऱ्या एकाच ध्वनिमुद्रिकेत असल्याने चालीला शब्द मिळण्याची प्रक्रिया येथे ऐकता येते.

३. दोनातो यांच्या आवाजाची मर्यादा हा या कृतीचा दोष नसून चालींच्या बोलक्या स्वभावाशी तो आवाज सुसंगत आहे.

४. ‘हलकेफुलके संगीत’ हे वर्णन केवळ शब्दार्थाचा निकष लावल्यामुळे निर्माण होते. अशा गीतातील शब्द कमी का आहेत, हे चालीकडे पाहिल्यावरच उमगते.

गीताचा अभ्यास साहित्यविभागांत करावयाचा असेल, तर छापील ओळींपलीकडे जाऊन ऐकण्याची शिस्त अंगी बाणवावी लागेल. ‘आते केम साबी’चे शब्द केवळ कागदावर वाचणाऱ्याला एक साधा निरोप दिसेल, तो निरोप इतका संयत का वाटतो, हे मात्र त्या पियानोच्या मोकळ्या जागा ऐकल्यावाचून कळणार नाही.